क्लीनर साइडचा सायकलवाला

सकाळी सव्वासातच्या आसपास नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की तो अजून दिसतो. दांडीची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, मागच्या कॅरिअरला गुंडाळून बांधलेला रेनकोट. पहिल्या पाळीला निघालेला. सर्कलजवळ आला की तो एक पाय टेकवतो आणि थांबतो. थांबून नेमकं काय बघतो, हे मी बरेच दिवस न्याहाळलं. इंडिकेटरकडे तो बघत नाही. आपल्याकडे इंडिकेटर एक तर लावलेला नसतो, नाही तर मागच्या वळणापासून तसाच चालू राहिलेला असतो. तो बघतो गाडीच्या पुढच्या चाकाकडे. चाक डावीकडे कललं की गाडी आपल्या आधीच बाहेर पडणार. उजवीकडेच राहिलं तर आपल्या समोरून जाणार. तेवढ्या अंदाजावर तो पेडल मारतो.

ही विद्या त्याला कुणी शिकवलेली नाही. चुकत चुकत, बहुधा एकदा तरी आपटून, त्यानं ती मिळवली आहे.

नाशिकमध्ये मोठ्या चौकाला सर्कल म्हणायची पद्धत आहे. द्वारका सर्कल, मुंबई नाका सर्कल, मायको सर्कल, एबीबी सर्कल. शेवटची दोन नावं कारखान्यांची. ज्या कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ता सायकलींनी भरून जायचा, त्यांचीच नावं घेतलेल्या चौकांमध्ये आज सायकलवाल्याला पाय टेकवून जीव मुठीत धरावा लागतो. यात काही काव्यात्म न्याय वगैरे नाही, पण रोज तिथून जाताना खटकतं खरं.

या विषयावर चार माणसं बोलायला लागली की दहाव्या मिनिटाला 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' इथे गाडी येऊन थांबते. शिस्त नाही हे मला मान्य आहे. पण हाच बेशिस्त माणूस भद्रकालीच्या बाजारात किंवा मेन रोडच्या एखाद्या बोळात गाडी घालतो, तेव्हा ताशी दहाच्या वर जात नाही. तिथे पोलीस नसतो, कॅमेरा नसतो, 'वेग आवरा' अशी पाटीही नसते. बोळ त्याला जाऊच देत नाही. तोच माणूस पंधरा मिनिटांनी रुंद सर्कलवर येतो आणि पन्नासनं घुसतो, कारण रस्ता त्याला सांगत असतो की ये, घुस. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे: सर्कलवर सायकलवाल्याचं काय होणार, हे चालकाच्या स्वभावापेक्षा तिथल्या वळणाची त्रिज्याच अधिक ठरवते. त्रिज्या मोठी की वळण सैल, आणि गाडी वेगात. स्वभाव बदलायला पिढ्या लागतील. त्रिज्या महिन्याभरात बदलता येते.

आधी सर्कलवर होतं काय, ते नीट बघू. गाडीवाल्यांपैकी बहुतेकांनी ते सायकलच्या सीटवरून कधी पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूनं, म्हणजे सर्कलला फिरायचं घड्याळाच्या काट्याप्रमाणे. सायकलवाला स्वभावतः बाहेरच्या कडेनं, डाव्या अंगानं फिरतो. त्याला सरळ जायचं असतं. मध्ये डावीकडे फुटणारा एक रस्ता लागतो. त्याच्या उजव्या अंगानं एक कार येते, त्याला ओलांडते आणि लगेच डावीकडे कट मारून त्या रस्त्याला लागते. कारवाल्याच्या मते त्यानं सायकल केव्हाच मागे टाकलेली असते. प्रत्यक्षात सायकल त्याच्या मागच्या दाराशी असते. हा धोका टळला की पुढची पाळी त्याच रस्त्यावरून सर्कलमध्ये शिरणाऱ्याची. तो उजवीकडे बघतो आणि त्याचे डोळे कार, बस, ट्रक शोधत असतात. सायकल त्याच्या डोळ्यांसमोरून जाते, पण नोंदली जात नाही. 'दिसलाच नाही हो' असं तो नंतर सांगतो तेव्हा बऱ्याचदा खरंच बोलत असतो.

तिसरा प्रकार लांब गाड्यांचा. बस किंवा ट्रक वळतो तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागून जात नाही, वळणाच्या आतल्या अंगानं जातं. सर्कलमधून डावीकडे बाहेर पडणाऱ्या ट्रकचं पुढचं चाक सायकलपासून चांगलं हातभर लांबून जातं. सायकलवाला निर्धास्त होतो, आणि मागचं चाक त्याला कठड्यापाशी गाठतं. ड्रायव्हर लोक ट्रकच्या डाव्या अंगाला 'क्लीनर साइड' म्हणतात. पूर्वी तिथे खरोखर क्लीनर बसायचा, दारावर थाप मारून 'आन दे' किंवा 'थांब' सांगायचा. आता कित्येक गाड्या क्लीनरशिवाय धावतात. नाव राहिलं, माणूस गेला, आणि ड्रायव्हरला सगळ्यात कमी दिसणाऱ्या त्या बाजूला नेमका आपला सायकलवाला उभा.

ताशी पन्नास किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, पंचवीसनं ७. सायकल आरामात चालवली तर ४ मीटर. चाळीस मीटर व्यासाच्या सर्कलचं अर्धं चक्कर म्हणजे साठेक मीटर, सायकलवर पंधरा सेकंद. हे पंधरा सेकंद सगळा जीव चालकाच्या एका नजरेवर टांगलेला. गाडी पंचवीसनं येत असेल तर त्याला दुसऱ्यांदा बघायला वेळ मिळतो. पन्नासला मिळत नाही.

जाणते सायकलपटू यावर एक उपाय सांगतात: कडेला राहू नका, लेनच्या मधोमध चला, म्हणजे मागचा तुम्हाला ओलांडूच शकणार नाही. सल्ला बरोबर आहे, मी स्वतः तो पाळतो. पण मी पन्नाशीचा पुरुष आहे, सायकलला गिअर आहेत आणि मागून हॉर्न वाजला तर तो सोसायची मला सवय झाली आहे. आठवीतल्या मुलीला हा सल्ला देऊन पाहा. किंवा दोन कॅन लटकवलेल्या दूधवाल्याला. ज्या रस्त्यावर सुरक्षित राहायला धाडस लागतं, तो रस्ता धाडसी लोकांपुरताच उरतो. बाकीचे सायकल गच्चीवर ठेवतात आणि आई मुलीला स्कूटरवरून शाळेत सोडते. त्या स्कूटरनं सर्कलवरची गर्दी आणखी एकानं वाढते, हा भाग वेगळा.

आता त्रिज्येकडे येतो. आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. वर्तुळाकार चौकांसाठीची तिची पहिली शिफारस १९७६ सालची. शहरातल्या चौकात शिरण्याचा वेग तिनं ताशी ३० किलोमीटर धरला होता, शिरण्याच्या वळणाची त्रिज्या १५ ते २५ मीटर. इथवर ठीक. पण बाहेर पडायचं वळण मात्र शिरण्याच्या वळणापेक्षा दीड ते दोन पट मोठ्या त्रिज्येचं ठेवा, असं त्यात होतं. हेतू असा की गाड्या चटकन बाहेर पडाव्यात, चौक मोकळा राहावा. गाडीच्या बाजूनं बघितलं तर शहाणपणाचं. पण चालक जिथे वेग वाढवतो ती जागा कुठली? वर सांगितलेला पहिला प्रकार घडतो तीच, सायकलवाल्याच्या पुढून डावीकडे कट मारण्याची. म्हणजे जिथे गाडी सगळ्यात हळू हवी, तिथे आपण तिला रस्त्याच्या आकारानंच 'आता पळ' असं सांगितलं. यात इंजिनिअरची दुष्टबुद्धी नव्हती. त्या हिशेबात वाहनं मोजली होती. एका चौकाला तासाला सगळ्या बाजूंनी मिळून सुमारे ३,००० वाहनं झेपतील असं धरलं होतं. २०१७ मध्ये ही मार्गदर्शिका नव्यानं लिहिली गेली. पुस्तक बदलल्यानं जुना कठडा मात्र जागचा हलत नाही.

गंमत म्हणजे सायकलींसाठीही मानक होतंच, आणि तेही १९६२ पासूनचं. तासाला दोनशेहून अधिक मोटारी असतील, तर अवघ्या शंभर सायकलींसाठीसुद्धा वेगळा सायकलमार्ग समर्थनीय ठरतो, असं त्यात म्हटलं होतं. दोनशे मोटारी! आज नाशिकच्या कुठल्याही सर्कलवर तेवढ्या चहा संपायच्या आत जातात.

जगात गोल चौकाचा इतिहास मजेदार आहे. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ भोवतीच्या वर्तुळात आत शिरणाऱ्याला प्राधान्य आहे, आणि तिथली गर्दी बघायला पर्यटक कमानीवर चढतात. ब्रिटनमध्येही गोल चौक असेच तुंबायचे. १९६६ मध्ये त्यांनी नियम केला: जो आत आहे त्याचा हक्क, बाहेरच्यानं थांबायचं. एका नियमानं चौक वाहते झाले. आपल्याकडे १९८९ च्या वाहतूक नियमावलीत लिहिलेलं होतं की जिथे वाहतूक नियंत्रित केलेली नाही अशा चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी. सर्कलवर याचा अर्थ तोच, आतल्याला आधी जाऊ द्या. व्यवहारात मात्र आपण पॅरिसचे. ज्यानं बॉनेट आधी आत घातलं त्याची वाट. आणि सायकलला बॉनेट नसतं.

मग नेदरलँड्समध्ये काय केलं, असं विचारायची पद्धत आहे, तेव्हा तेही सांगतो. पण तिथल्या सायकलप्रेमाच्या गोष्टी ऐकून मला कंटाळा आलाय, म्हणून फक्त बांधकामापुरतं. गाड्यांसाठी एकच लेन. शिरायचं आणि बाहेर पडायचं वळण दोन्ही काटकोनाकडे झुकणारी, त्यामुळे ब्रेक लावल्याशिवाय वळताच येत नाही. गाड्यांच्या वर्तुळाबाहेर सायकलींचं वेगळं वर्तुळ, आणि दोन्हींच्या मध्ये एक कार उभी राहील एवढी जागा. बाहेर पडणारी कार तिथे आडवी होऊन थांबते, समोर सायकल तिला काटकोनात, काचेतून सरळ दिसते. आरशात शोधावी लागत नाही, मागच्या दाराशी लपत नाही. एका कारच्या लांबीची ती जागा हाच सगळा शोध आहे.

आणि हे न करता नुसता रंग मारला तर काय होतं, तेही माहीत आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ९१ गोल चौकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधे चौक गोल केल्यावर तिथले सायकलस्वारांच्या दुखापतीचे अपघात सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचं त्यात निघालं. वर्तुळाच्या आतच कडेनं सायकलची रंगीत पट्टी ओढली होती, तिथली अवस्था विशेष वाईट. कारण उघड आहे: पट्टी सायकलवाल्याला नेमकी त्याच बाहेरच्या कडेला बांधून ठेवते, जिथे त्याला कट बसतो. वर त्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे सायकलसाठी काही करायचं ठरलं की पहिला डबा रंगाचा उघडतो.

आपले सायकल ट्रॅक तर चौकापर्यंत पोचतच नाहीत. नाशिकमध्ये त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' झाला, त्यात सायकल ट्रॅकचाही समावेश होता. पुण्यातही अनेक रस्त्यांवर ट्रॅक आहेत. कुठेही जा, ट्रॅकची एक खोड सारखी: सरळ रस्त्यावर, जिथे त्याची गरज त्यातल्या त्यात कमी, तिथे तो ऐटीत चालतो, आणि चौक समोर आला की गायब होतो. नदीच्या काठापर्यंत पूल बांधून पुढे 'पोहत जा' म्हणण्यासारखं आहे हे.

'सर्कल काढून टाका, सिग्नल बसवा' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो सध्या सगळ्यात लोकप्रिय आहे आणि त्यात तथ्यही आहे. आपली मोठी सर्कलं तुंबतात, हे खोटं नाही. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग जिथे भेटतात, त्या द्वारकेला एका वर्तुळाच्या भरवशावर सोडणं कुणीच सुचवणार नाही. तिथे सिग्नल हवाच. पण मधल्या आकाराच्या चौकांचं तसं नाही. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा भिडतात; एका लेनच्या गोल चौकात ८ ठिकाणी. सिग्नलवर पिवळा पडताना वेग वाढवणारा असतो, रात्री अकरानंतर नुसता लुकलुकणारा दिवा असतो, आणि शिवाय आपला लाडका 'फ्री लेफ्ट'. सिग्नल लाल असो की हिरवा, डावीकडे वळणारा कधीही सुटू शकतो, आणि डाव्या कडेला कोण उभा असतो ते आता पुन्हा सांगायला नको. सर्कल तुंबतं ते गोल असल्यामुळे नव्हे. तीन-तीन रांगा घुसवायला जागा ठेवल्यामुळे, आणि ऐन तोंडाशी रिक्षा थांबे, एस.टी.ची वाट बघणारे लोक, भेळेची गाडी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असं सगळं दाटल्यामुळे. तो फ्लेक्स, जाता जाता सांगतो, सायकलवाल्याच्या बरोबर डोक्याच्या उंचीला असतो. मधल्या बेटावर झाडं असली तर उलट बरं, समोरचं दूरचं दिसलं नाही की चालक हळू येतो. तोंडावरचा अडथळा मात्र माणूस मारतो.

'अरुंद केलं तर बस आणि अग्निशमनची गाडी वळणार कशी?' याला उत्तर साधं आहे. मधल्या बेटाभोवती जरा उचललेला, खडबडीत फरशीचा कडा ठेवायचा. लांब गाडीची मागची चाकं त्यावरून जातात, कार मात्र दणके बसतात म्हणून टाळते. हे काही परदेशातून मागवावं लागत नाही.

राहिला 'सायकली आहेतच किती' हा प्रश्न. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्या देशातल्या लोकांपैकी सुमारे १३ टक्के सायकलवर जात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या घरांत सायकल होती. म्हणजे सायकली आहेत. त्या चौकात दिसत नाहीत, कारण चौक त्यांना परवडत नाही. पूल नसलेल्या नदीवर किती जण पोहत जातात ते मोजून पुलाची गरज ठरवत नसतात.

आणि जे जातात, ते बोलणाऱ्यांतले नसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकल चालवताना इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा भरधाव कॅबच्या धडकेनं मृत्यू झाला. देशभर बातमी झाली, व्हायलाच हवी होती. पण पाळीवरून परतणारा कामगार, रात्रपाळीचा वॉचमन गेला तर आतल्या पानावर चार ओळी येतात, 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' अशा सुरुवातीच्या. नाशिकला सायकलीचा मान आहे; २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा शहर अभिमानानं फुललं होतं. रविवारी पहाटे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला हेल्मेटांची रांग लागते. या रांगेला अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये वजन आहे. ते वजन तिनं सव्वासातच्या डबेवाल्या कामगारासाठी खर्चावं, असं मला वाटतं. पहाटे पाचला सर्कल कुणालाही सोपं असतं.

कायदाही अगदीच हात बांधून बसलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल मानकांनुसार न केल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम हसू यावं एवढी आहे. पण तत्त्व मोठं आहे: अपघाताचा दोषी चाकामागे बसलेलाच असतो असं नाही, तो नकाशाच्या टेबलाशीही असू शकतो. अपघाताच्या पंचनाम्यात वळणाची त्रिज्या लिहायची सुरुवात झाली, तर या कलमाला दात येतील.

ब्रिटनमधल्या केंब्रिजनं २०२० मध्ये डच पद्धतीचा पहिला चौक बांधला. अंदाज सुमारे ८ लाख पौंडांचा, खर्च झाला सुमारे २३ लाख. आणि उद्घाटनानंतर काही दिवसांतच एका कारनं तिथला दिव्याचा खांब पाडला. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. मला त्या बातमीत दुसरंच दिसलं: खांब पडला, माणूस नाही. पण खर्चाचा धडा घ्यावा. आपण सिमेंट ओतायच्या आधी करून बघावं.

करून बघायला आत्ताइतकी चांगली वेळ नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते उकरले जाताहेत, रुंद होताहेत. रुंद होताना चौकांची तोंडंही रुंद होतील, आणि एकदा झाली की पुढचं सिंहस्थ येईपर्यंत बारा वर्षं कुणी हात लावणार नाही. म्हणून एक मधल्या आकाराचं सर्कल निवडा. वाळूनं भरलेले प्लास्टिकचे पिंप आणि कठड्याचे सुटे ठोकळे एवढ्यावर चारही तोंडं आवळा, एका लेनपुरती. बाहेर पडायच्या वळणावर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी एक उंचवटा टाका, सर्कलपासून एक कार मागे. फ्लेक्स काढा. रिक्षा थांबा पन्नास मीटर मागे न्या. रिक्षावाल्यांशी आधी बोलून, नाही तर तिसऱ्या दिवशी पिंप गायब होतील. महिनाभर ठेवा. गाड्यांचा वेग आधी आणि नंतर मोजा, तुंबलेली रांग मोजा, आणि मुख्य म्हणजे पाय टेकवून थांबणारे सायकलवाले मोजा. रांग खरंच वाढली आणि वेग तसाच राहिला, तर माझं चुकलं. पिंप उचलून न्या.

मोजायला माणूस हवा असेल तर मी येतो. सकाळी सव्वासातला, पहिल्या पाळीच्या वेळी.